चाकाशिवाय चावान: माती किती, जाडी किती आणि लक्ष कुठे ठेवायचं?

सावनी_प (प्रश्न)

माच्चा, म्हणजे हिरव्या चहाची पूड, घुसळून प्यायचा जपानी वाडगा, म्हणजे चावान, नुसत्या हातांनी घडवायला शिकते आहे. क्योतोच्या राकू या कुंभार घराण्याचे काळे आणि तांबडे वाडगे डोळ्यांसमोर आहेत. विकायचं काही नाही. आठवड्यातून दोनदा तासभर गप्प बसून एकच काम मन लावून करायचं, एवढाच हेतू. घरी चाक नाही, भट्टीही नाही. भाजणीसाठी एका स्टुडिओत जागा मिळते, तिथे इलेक्ट्रिक भट्टी आहे आणि ती १२३० अंशांपर्यंत जाते.

जाणकारांना विचारायचं आहे ते असं. एका वाडग्याला माती किती घ्यावी? कुंभारवाड्यातली तांबडी माती चालेल का? गोळ्यात अंगठा घालून चिमटत वर नेलं की काठ फाटतो, आणि उभा राहिलेला वाडगा वाळताना बुडाला चीर जाते. याचं कारण काय? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हात चालू असताना मन नक्की कशावर ठेवायचं? 'वाकडं असलं तरी चालतं, वाबी-साबी (साधेपणात, अपूर्णतेत सौंदर्य पाहणं) आहे' हे सगळीकडे ऐकू येतं, पण ते पटत नाही.

मृण्मय

सावनीताई, आधी भाजून झालेल्या वाडग्याचं माप ठरवा, मातीचं वजन त्यावरून निघतं. चावान साधारण १२ सेंमी रुंद आणि ८ सेंमी उंच धरा. स्टोनवेअर माती (जास्त तापमानाला भाजून घट्ट होणारी) वाळताना आणि भाजताना मिळून सुमारे १२ टक्के आकसते. म्हणजे ओला वाडगा १३.६ सेंमी रुंद आणि ९ सेंमीच्या जरा वर हवा. त्याला ८०० ग्रॅम माती लागते. यातली बरीचशी नंतर कोरून काढायची आहे, म्हणून हा आकडा बघून दचकू नका. भाजलेला वाडगा ३५० ते ४०० ग्रॅमचा झाला की हातात बरोबर बसतो.

राकूची पद्धत गोळ्यात अंगठा घालून चिमटण्याची नाही, हे इथे सांगायला हवं. तिला तेझुकुने म्हणतात. माती थापून जाड चकती करायची, चकतीच्या कडा दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरून उभ्या करायच्या आणि वाडगा घट्ट झाल्यावर लोखंडी पात्याने आतून-बाहेरून कोरायचा. वाडग्याचा खरा आकार कोरताना येतो. तुमच्या दोन्ही तक्रारींचं बरंचसं उत्तर या क्रमातच आहे.

माती पुरणपोळीच्या कणकेपेक्षा थोडी घट्ट हवी. पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळून बघा. वरच्या बाजूला भेगा दिसल्या तर माती कोरडी आहे, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. बारीक ग्रॉग असलेली स्टोनवेअर माती घ्या. ग्रॉग म्हणजे भाजलेल्या मातीचा चुरा. तो १५ ते २० टक्के असला की आकसणं कमी होतं आणि चिरा कमी जातात. मळणं किकुनेरी पद्धतीने करा: एक तळवा दाबतो, दुसरा प्रत्येक वेळी थोडंसं फिरवतो, आणि गोळ्यावर शेवंतीसारख्या पाकळ्या उमटतात. पन्नासेक वेळा झालं की गोळा तारेने मधोमध कापा. कापलेल्या भागात भोकं दिसली तर पुन्हा मळा.

लाकडी फळीवर सुती कापड पसरा आणि त्यावर गोळा तळव्याने थापत २० सेंमी व्यासाची, जेमतेम १.३ सेंमी जाडीची चकती करा. मधला ८-९ सेंमीचा भाग बूड म्हणून राहणार आहे. तो लाकडी रिबने (माती दाबायच्या चपट्या पट्टीने) मधून बाहेर आणि बाहेरून मध्ये, दोन्ही दिशांनी चांगला दाबून घ्या. बुडाला चीर जाण्याचं एक कारण हा दाब न मिळणं आहे. दुसरं कारण म्हणजे माती फळीला चिकटते, आकसायला तिला वाव राहत नाही, आणि ती मधोमध फाटते. कापड त्यासाठीच आहे. तिसरं कारण, भिंती पातळ आणि बूड जाड; भिंती आधी वाळून आकसतात, मग बूड आकसू लागतं तेव्हा भिंतींनी त्याला धरून ठेवलेलं असतं.

आता कडा उभ्या करायच्या. बोटं आत, तळवे बाहेर, आणि दाब नेहमी आतल्या दिशेने. एका दाबानंतर फळी बोटभर फिरवा. एका फेरीत कडा पूर्ण उभी करायची नाही, तीन-चार फेऱ्यांत करायची. भिंत १ सेंमी जाड राहू दे, काठ त्याहून जाड. काठ फाटतो तो दोन कारणांनी: तो आधीच पातळ केलेला असतो, आणि बोटांची ऊब त्यातलं पाणी ओढून घेते. प्रत्येक फेरीच्या शेवटी अंगठा काठावर आडवा ठेवून तो खाली दाबून घ्या. बारीक भेग दिसली तर तिच्यावर पाणी लावू नका, पाण्याने ती नुसती झाकली जाते. दोन्ही बाजूंची माती तिच्यात दाबून सारा.

उभा झालेला वाडगा ओला असतानाच नीट करण्याचा मोह होतो. तो टाळा. काठावर ओल्या कापडाची पट्टी ठेवा, वरून प्लॅस्टिक सैल टाका, आणि लेदर-हार्ड होईपर्यंत थांबा. हवेप्रमाणे १२ ते २४ तास लागतात. नख दाबलं तर खूण उठते पण बोट दाबलं तर भिंत वाकत नाही, ही कोरायची वेळ.

कोरण्याचा क्रम बाहेरून आत. वाडगा पालथा घाला, बुडावर ५.५ सेंमीचं वर्तुळ आखा, त्याच्या बाहेरची माती काढत कंबरेपर्यंत (भिंत बुडाला मिळते त्या वळणापर्यंत) उतरा, मग कडं राखून वर्तुळाच्या आतली ६-७ मिमी काढली की बैठक उभी राहते. जपानीत हिला कोदाई म्हणतात आणि चहाच्या जाणकारांची नजर वाडगा पालथा करून पहिल्यांदा इथेच जाते. मग सुलटा करून आत कोरा. भिंत ५-६ मिमीवर आणा, कंबरेत ७-८ ठेवली तरी चालेल. आत कुठेही तीव्र कोपरा नको, तिथे चहाचा गाळ अडकतो आणि चासेनची, म्हणजे बांबूच्या घुसळणीची, टोकं मोडतात. बुडाच्या मधोमध किंचित खोलगट जागा ठेवा, शेवटचा घोट तिथे जमतो. तिला चादामारी म्हणतात. काठ ओठाला लागणार आहे, तो गोल हवा, ४-५ मिमी, आणि जरासा आत झुकलेला.

जाडी ओळखायला बोटाने टिचकी मारा. जाड जागी आवाज बद्द येतो. शंका राहिली तर बारीक टाचणी टोचा आणि ते भोक लगेच बुजवा. स्वयंपाकघरातला वजनकाटा शेजारी ठेवा. कोरून झाल्यावर वाडगा ५०० ग्रॅमच्या आसपास आला पाहिजे. ६०० दाखवत असेल तर माती बहुधा कंबरेत उरली आहे.

भट्टीकर

मृण्मय यांच्या घडवण्याच्या पद्धतीत भर घालण्यासारखं काही नाही. माती आणि भाजणीबद्दल लिहितो, कारण 'राकू' म्हटलं की इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

क्योतोतला राकू चोजिरोपासून सुरू होतो. चहासमारंभाचा गुरू सेन नो रिक्यू याच्या चहासाठी त्याने १५८० च्या दशकात हे वाडगे केले. चोजिरो १५८९ मध्ये गेला, रिक्यू १५९१ मध्ये. काळ्या राकूच्या ग्लेझमध्ये (भाजल्यावर काचेसारखा होणाऱ्या लेपात) कामो नदीच्या दगडाची पूड असते, तिचे थरावर थर दिले जातात, आणि कोळशाच्या छोट्या भट्टीत भात्याने धग वाढवून एकेक वाडगा भाजला जातो. लाल तापलेला वाडगा चिमट्याने बाहेर काढला की तो झपाट्याने निवतो आणि त्या निवण्यानेच काळा रंग पक्का होतो. तांबडा राकू कमी तापमानाचा. पिवळ्या मातीवर पारदर्शक ग्लेझ.

व्हिडिओंमध्ये दिसतो तो तापलेलं भांडं भुशाच्या डब्यात टाकून धूर करण्याचा प्रकार अमेरिकेतला. पॉल सोल्डनरने १९६० मध्ये तो सुरू केला. दिसायला सुंदर, पण त्याचं अंग सच्छिद्र राहतं आणि ग्लेझला तडेच तडे असतात. त्यातून चहा पिऊ नका. शोभेसाठी ठेवा.

कुंभारवाड्यातली माती सरावाला उत्तम. हाताला मऊ आहे, स्वस्त आहे, मोडून पुन्हा वापरता येते. पण ती ९०० ते १००० अंशांची माती आहे. लोह आणि चुना जास्त असल्याने १२२० ला ती फुगते, वितळते आणि स्टुडिओची शेल्फही खराब करते. कमी तापमानाला भाजली तर पाणी शोषते. कुल्हड एकदा वापरून टाकायचा असतो म्हणून त्यात हे खपतं. रोजच्या वाडग्यात चहा मुरतो आणि पावसाळ्यात बुरशी धरते. शेतातली काळी माती तर नकोच. ती भिजली की फुगते आणि वाळली की इतकी आकसते की भांडं अखंड राहत नाही.

तुमच्या भट्टीला १२२० ला पक्व होणारी स्टोनवेअर माती घ्या आणि पुरवठादाराला दोनच प्रश्न विचारा: पक्व होण्याचं तापमान काय आणि त्या तापमानाला पाणी किती टक्के शोषते. उत्तर स्वतःही तपासा. बिनग्लेझचा भाजलेला तुकडा कोरडा तोला, दोन तास पाण्यात उकळा, त्याच पाण्यात निवू द्या, पुसून पुन्हा तोला. वाढलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर. ३ टक्क्यांच्या आत आलं तर माती वापरण्यासारखी.

पहिली भाजणी, बिस्क: तासाला ६० अंशांनी ११० पर्यंत आणि तिथे दोन-तीन तास थांबा. भट्टीत भांडी फुटतात ती मातीत राहिलेल्या पाण्याची वाफ झाल्याने. नुसत्या हवेच्या बुडबुड्याने फुटत नाहीत, बुडबुड्याच्या भोवतालची माती ओली असते म्हणून फुटतात. पुढे ६०० पर्यंत तासाला १००, कारण साधारण ४५० ते ६०० मध्ये मातीतलं बांधलेलं पाणी निघतं आणि ५७३ ला क्वार्ट्झ एकदम प्रसरण पावतं. मग तासाला १५० ने ९५० पर्यंत.

ग्लेझ घालण्याआधी वाडगा ओल्या स्पंजने पुसा. धूळ किंवा हाताचं तेल राहिलं की वितळलेलं ग्लेझ तिथून मागे सरकतं आणि उघडी माती दिसते. बैठकीला आणि तिच्या वर ३ मिमी मेण लावा. बुचकळून तीन सेकंद, जास्त नाही. काळा रंग हवा असेल तर ८ ते १० टक्के लोह ऑक्साइडचं तेनमोकू ग्लेझ करा. ते काळ्या राकूसारखं दिसणार नाही, आणि तसं दिसावं अशी धडपडही नको. इलेक्ट्रिक भट्टीतून भांडं त्या पद्धतीने तापलेलं बाहेर काढता येत नाही. आतल्या बाजूला शिसं, कॅडमियम, बेरियम असलेलं काहीही नको. भट्टी १०० अंशांच्या खाली आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर वाडगा टणकन आवाज करून तडकतो.

अनघा_क

मन कशावर ठेवायचं, या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं आहे.

श्वास मोजत माती दाबू नका, असं माझं ठाम मत आहे. श्वास मोजायला बसलात की हात श्वासाच्या मागे धावतात आणि दाब कमीजास्त होतो. माती स्वतःच लक्ष ठेवायला जागा देते. कडा उभ्या करताना ती जागा म्हणजे आतलं बोट आणि बाहेरचा तळवा यांच्यामधलं अंतर. कोरताना ती जागा पात्याच्या टोकाशी, निघणाऱ्या सालीत. साल सलग निघते आहे की तुकडे पडताहेत? तुकडे पडत असतील तर माती जास्त वाळली. पात्याला लोळागोळा चिकटत असेल तर अजून ओली आहे, थांबा. मन भरकटलं की जाडी बदलते आणि पुढच्या फेरीत बोटांना ते कळतं. वेगळी घंटा लावायची गरज नाही.

झेन मठांमध्ये सामू म्हणजे झाडणं, लाकूड फोडणं, भाजी चिरणं हे बसण्याइतकंच साधनेचं मानतात, आणि तिथे काम नीट होणं हाच सराव असतो. रिक्यूचा दाइतोकुजी या झेन मंदिराशी जवळचा संबंध होता आणि त्याच्या चहात हे सगळं उतरलं आहे. म्हणून चाळीस मिनिटांची बैठक धरा, तेवढ्यात ओली घडण पुरी होते. वजन नेहमी तेच, चकती तेवढीच, आकारही महिनाभर एकच. दर वेळी नवा आकार घेतला की डोकं आकाराचा विचार करत बसतं. हत्यारं सुरू करण्याआधी मांडा: फळी, कापड, रिब, तार, थोडं पाणी. मध्ये उठावं लागलं की लय गेली. फोन दुसऱ्या खोलीत. दुसऱ्या फेरीनंतर डोळे मिटून एक पूर्ण फेरी करा, भिंतीतला फुगवटा डोळ्यांना दिसत नाही पण बोटांना लागतो.

वाकडेपणाबद्दल तुम्हाला जे पटत नाही, ते न पटणंच बरोबर आहे. जपानी लोककलेचा अभ्यासक यानागी सोएत्सू याने याच मुद्द्यावर राकूलाही सोडलं नाही. त्याच्या मते मुद्दाम आणलेला ओबडधोबडपणा हा कृत्रिमच. त्याचा आदर्श किझाएमोन इदो नावाचा वाडगा होता, कोरियातल्या साध्या लोकांच्या वापरासाठी झपाझप केलेला. आज तो दाइतोकुजीच्या आवारातल्या कोहो-आनमध्ये आहे आणि जपानची राष्ट्रीय संपत्ती मानला जातो. करणाऱ्याला तो सुंदर करायचा नव्हता आणि वाकडाही करायचा नव्हता. यानागीची टीका मला राकूच्या बाबतीत जरा कडक वाटते, कारण चोजिरोचे वाडगे अतिशय शांत आहेत, त्यांत दाखवेगिरी दिसत नाही. पण शिकणाऱ्यासाठी त्याचं म्हणणं सोन्यासारखं आहे. तुम्ही सरळ, समान जाडीचा वाडगा करायचा मनापासून प्रयत्न करा. हातांनी केल्यामुळे काठाला जी हलकी लाट येईल ती राहू द्या. मुद्दाम बोट दाबून खळगा पाडू नका. वापरून बघा: काठ ओठाला टोचतो का, बैठक डुगडुगते का, घुसळताना वाडगा घसरतो का? यातलं काही होत असेल तर तो दोषच, वाबीच्या नावाखाली त्याला माफी नाही.

सावनी_प

सगळ्यांचे खूप आभार. अजून दोन गोष्टी विचारते. मी रत्नागिरीत असते, इथे पावसाळ्यात चार-चार दिवस काही वाळत नाही. तेव्हा काय करायचं? आणि चकतीच्या कडा उभ्या करणं सुरुवातीला झेपत नसेल तर त्याहून सोपी पद्धत आहे का?

मृण्मय

पावसाळा खरं तर मातीला मानवतो, हळू वाळलेला वाडगा तडकत नाही. देशावर एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात काठ दोन तासांत पांढरा पडतो, तो जास्त घातक. तुमच्याकडे फक्त मुदत वाढवा. लेदर-हार्डला दोन दिवस, पूर्ण वाळायला दहा-बारा दिवस धरा. काठ पालथा घालण्याइतका घट्ट झाला की वाडगा पालथा करून लाकडी पट्ट्यांवर ठेवा, म्हणजे खालून हवा खेळेल. पंखा थेट लावू नका, एकाच बाजूने वाळून वाडगा लंबगोल होतो. वाळला की नाही हे गालाला लावून कळतं, गार लागला तर पाणी आहे. दमट हवेत हा अंदाज फसतो, म्हणून रोज त्याच वेळी वजन करा. सलग दोन दिवस वजन तेच आलं की भट्टीकडे न्या आणि तिथल्या माणसाला सांगा की माल कोकणातून आला आहे, ११० ला एक तास जास्त थांबा.

ओंजळ

सोप्या पद्धतीबद्दल: कुरिनुकी करून बघा. माझ्या मते चाक न वापरणाऱ्याने सुरुवात तिथूनच करावी, तेझुकुने नंतर. यात भिंत उभी करायचीच नसते. सव्वादोन किलोचा गोळा फळीवर आपटून आपटून १४ सेंमी रुंद आणि ८ सेंमीच्या आत उंच असा चपटा ठोकळा करायचा आणि लेदर-हार्डच्या जरा अलीकडे लूप टूलने (तारेचं कडं असलेल्या कोरणीने) आतून पोखरायचा. चहाऐवजी साके प्यायचे छोटे पेले केले तर २५० ग्रॅम माती पुरते आणि एका बैठकीत तीन होतात. आपटल्याने माती सगळीकडे सारखी दाबली जाते, म्हणून बुडाला चीर जवळजवळ जात नाही. त्रास वेगळा आहे: ठोकळा बाहेरून घट्ट होतो आणि आत ओलाच राहतो. पहिल्या दिवशी २ सेंमी भिंत ठेवून पोखरा, प्लॅस्टिकमध्ये रात्रभर गुंडाळून ओल सारखी होऊ द्या, दुसऱ्या दिवशी ६ मिमीपर्यंत या.

मृण्मय म्हणतील की यात माती वाया जाते. जाते खरी, निम्म्याहून जास्त, पण ती साली गोळा करून पुन्हा वापरता येते.

मृण्मय

माती वाया जाण्याची हरकत नाही. हरकत एवढीच की कुरिनुकीत तळव्यांना मातीचा ताण कळत नाही, फक्त पातं शिकतं. पेले करायला मात्र जरूर घ्या.

भट्टीकर

साली परत वापरायच्या तर आधी पूर्ण वाळू द्या, मगच पाण्यात टाका. सुकी माती तासाभरात विरघळते. अर्धवट ओल्या सालींचे गोळे दिवसेंदिवस तसेच राहतात. वरचं पाणी ओतून चिखल प्लास्टर ऑफ पॅरिसच्या फरशीवर बोटभर जाडीचा पसरा, दुसऱ्या दिवशी उचलून मळा. ग्लेझ सांडलेली माती यात मिसळू नका. भाजण्याआधी निवड कठोर ठेवा. दहा वाडग्यांतले दोन भट्टीत जाऊ द्या, बाकीचे बादलीत. भाजलेली माती परत माती होत नाही.

घरात काम करणार आहात म्हणून सांगतो, वाळलेली माती झाडूने झाडू नका आणि कोरड्या वाडग्यावर सँडपेपर घासू नका. त्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही. जमीन ओल्या फडक्याने पुसा, काठ ओल्या स्पंजने गुळगुळीत करा, सुकी पावडर हाताळताना एन-९५ मास्क लावा. हात आणि हत्यारं बादलीत धुवा आणि गाळ बसल्यावर वरचं पाणी झाडांना घाला. मातीचं पाणी बेसिनमध्ये गेलं तर महिन्याभरात नळी तुंबते.